शिपायाच्या हाती शिक्का

साक्रीची तहसील कचेरी घ्या किंवा मुंबईचे मंत्रालय. शिपायाला आत येण्यास कोणी अडवत नाही, पण साहेबांचा शिक्का त्याच्या हाती पडू दिला जात नाही. संगणकाची कार्यप्रणालीही अशाच उतरंडीवर उभी असते. सामान्य वापरकर्त्याला मोजके अधिकार, सर्वाधिकार केवळ व्यवस्थापकाला. ही उतरंड उलथवणाऱ्या त्रुटीला अधिकारवृद्धीची त्रुटी म्हणतात. ती बाहेरून दार फोडत नाही, आत आलेल्याला मालक करते. म्हणूनच बहुधा ती दुय्यम लेखली जाते.

पुण्यात मोठे केंद्र असलेल्या ‘क्वालिस’ कंपनीने २५ जानेवारी २०२२ रोजी जाहीर केलेली ‘पॉनकिट’ ही त्रुटी या दृष्टीने उद्बोधक आहे. लिनक्सच्या बहुतेक प्रमुख आवृत्त्यांत ‘पीकेएक्झेक’ नावाची छोटी आज्ञा असते. दुसऱ्याच्या अधिकाराने काम करू देणे हेच तिचे काम, त्यामुळे ती स्वतः सर्वाधिकाराने चालते. तिला एकही शब्द न पुरवता मुद्दाम रिकाम्या यादीने चालवले, की ती यादीपलीकडची स्मृती वाचू लागे. तेथे पेरलेल्या मजकुराच्या आधारे कोणीही सामान्य वापरकर्ता क्षणात सर्वाधिकारी होई. ही चूक २००९ पासून, म्हणजे बारा वर्षांहून अधिक काळ, सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. २०१३ मध्ये एका प्रोग्रामरने ती हेरलीही होती. तिचा गैरवापर मात्र त्याला साधला नव्हता. दुरुस्ती जाहीर झाल्यावरही प्रश्न मिटला नाही. जून २०२२ मध्ये अमेरिकी सायबर सुरक्षा यंत्रणेने प्रत्यक्ष गैरवापर होत असलेल्या त्रुटींच्या यादीत तिचा समावेश केला.

मुळात ‘आधी आत तर यावे लागते’ हा दिलासा तालुक्याच्या गावी फारच तोकडा ठरतो. सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देणाऱ्या केंद्रांत एकच संगणक दिवसभरात अनेक हातांखालून जातो. ग्राहकाचा पेनड्राइव्ह लावला जातो, पासवर्ड सगळ्यांना ठाऊक असतो. आत येणे तेथे अवघड नसतेच. मग उरतो तो एकच अडसर, अधिकारांच्या उतरंडीचा. आणि तो वेळेवर बसवलेल्या दुरुस्तीवर अवलंबून असतो.

लिनक्सची दुरुस्ती निदान विनामूल्य मिळते. ‘विंडोज १०’चा नियमित सुरक्षा पुरवठा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. त्यानंतरची मुदतवाढ मर्यादित, आणि तीही नोंदणी करणाऱ्यालाच. जुने यंत्र नव्या आवृत्तीला चालत नाही, नवे घेण्यास पैसे नाहीत, अशा केंद्रचालकाने करायचे काय, याचे उत्तर शासनाने ऑनलाइन सेवांची सक्ती करतानाच द्यायला हवे होते.