पाटाचे पाणी आणि कपाटातली पुस्तके

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांचा आधुनिक इतिहास नीरा डाव्या कालव्यापासून सुरू करावा लागतो, याबद्दल फारसे दुमत नसावे. १८७६-७७च्या दुष्काळाच्या पाठोपाठ हा कालवा हाती घेण्यात आला आणि १८८५च्या सुमारास वाहू लागला. तो पुरंदरच्या बाजूने बारामतीत येतो आणि पुढे इंदापुरात जातो. त्याच्या मागोमाग ऊस आला, गुऱ्हाळे आली, १९१४ मध्ये दौंड-बारामती रेल्वे आली, १९३०च्या दशकात वालचंदनगर उभे राहिले, मग सहकारी कारखाने आले आणि कारखान्यांच्या आधाराने शिक्षणसंस्था. ही कथा इतक्या वेळा सांगितली गेली आहे, की शाळकरी मुलांनाही ती पाठ असावी. या कथेत सार्वजनिक ग्रंथालयाचा उल्लेख मात्र सहसा येत नाही.

याचा अर्थ या भागात ग्रंथालये नाहीत असा नव्हे. शासनमान्य ग्रंथालये आहेत, त्यांना फलक आहेत, कार्यकारी मंडळे आहेत, दाखलनोंदवह्या आहेत. आमचे म्हणणे वेगळे आहे. कालवा ही एक व्यवस्था आहे. मुख्य पाट, त्याचे फाटे, फाट्यांच्या चाऱ्या, आवर्तनाच्या तारखा, शेजपाळी, दारे उघडणारा पाटकरी आणि शेवटी पाणी पोहोचले नाही तर तक्रार करणारा ‘टेल’चा शेतकरी, हे सारे एकमेकांना बांधलेले असते. आपली ग्रंथालये म्हणजे सुट्या सुट्या विहिरी आहेत. एकीत पाणी असले तरी शेजारची कोरडी राहू शकते, आणि त्याबद्दल कोणी कोणाला जाब विचारू शकत नाही. इंदापुरातील टेलचा शेतकरी पाण्यासाठी भांडतो, कारण पाणी आपल्या हक्काचे आहे हे त्याला ठाऊक असते. पुस्तकासाठी असे भांडणारा टेलचा वाचक आम्ही अद्याप पाहिलेला नाही.

बारामतीचे वाङ्मयीन नाव मोरोपंतांमुळे आहे. पन्हाळ्याहून आलेले मोरोपंत (१७२९-१७९४) बाबूजी नाईकांच्या आश्रयाने येथे स्थिरावले आणि पुराणिक म्हणून त्यांनी आयुष्य येथेच काढले. त्या काळी पोथ्या वाड्यात असत. त्या बाहेर पडत त्या पुराणिकाच्या मुखाने. ऐकणाऱ्याला अक्षरओळख असण्याची गरज नव्हती, पोथीला हात लावण्याचा अधिकार मात्र फार थोड्यांना होता. ग्रंथ एकाच्या मालकीचा आणि त्याचे श्रवण अनेकांचे, अशी ती रचना होती. छापखाना आल्यावर मालकी पसरली. पण श्रवणाची ती सामूहिक सोय गेली, आणि तिच्या जागी वाचनाची तेवढीच सामूहिक सोय उभी राहायला हवी होती. ती किती राहिली, हाच खरा प्रश्न आहे.

एकोणिसाव्या शतकात जी सोय उभी राहिली ती ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ या नावाने. रत्नागिरी (१८२८), अहमदनगर म्हणजे आताचे अहिल्यानगर (१८३८), नाशिक (१८४०), पुणे (१८४८) आणि कोल्हापूर (१८५०) हा क्रम ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. पुण्याच्या ग्रंथालयामागे लोकहितवादींचा पुढाकार होता. या संस्थांचे ऋण मोठे आहे. तरीही त्या वर्गणीदारांच्या संस्था होत्या हे विसरता येत नाही. कचेरीतले अधिकारी, वकील, शिक्षक, थोडे व्यापारी, असा तो वाचकवर्ग. जिल्ह्याच्या ठिकाणी सुरू झालेली ही पद्धत पुढे तालुक्याच्या गावांनी उचलली, आणि तिच्यासोबत तिची मर्यादाही उचलली. वर्गणी आणि अनामत देईल तो वाचक. पुस्तक कपाटाकडून गावाकडे जाणार नाही, वाचकाने कपाटापर्यंत यावे.

याहून निराळी कल्पना मराठी माणसाला परकी नव्हती. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानात ग्रंथालयांचे खातेच उभे केले. गावाने एक हिस्सा जमवावा, प्रांत पंचायतीने एक द्यावा, सरकारने एक घालावा, असा तेथील हिशेब होता. आणि ज्या गावात ग्रंथालय नाही तेथे पुस्तकांच्या पेट्या फिरत. साधारण याच काळात कॅलिफोर्नियात कौंटी हा घटक धरून ग्रंथालयाचा कायदा झाला आणि १९१९ मध्ये इंग्लंडमधील कौंटी कौन्सिलांना तसाच अधिकार मिळाला. कौंटीच्या मुख्य ठिकाणाहून पेट्या निघत, खेड्यातल्या शाळेत उतरत, तेथील मास्तर त्या सांभाळत, आणि काही महिन्यांनी पेटी पुढल्या गावी जाई. यात ग्रंथालय म्हणजे इमारत नव्हे, वाटप आहे, हे सूत्र होते. रंगनाथनांनी इंग्लंडमध्ये जे पाहिले त्यात हेही असणार. १९३१ मध्ये मद्रास इलाख्यात मन्नारगुडीच्या परिसरात बैलगाडीतून पुस्तके फिरली, हा त्याच विचाराचा देशी अवतार.

मुंबई सरकारने १९३९ मध्ये असफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. फैजी हे कायद्याचे पंडित, आणि त्यांच्या समितीने मांडलेल्या आराखड्यात पंडिताला शोभणारी नीटस उतरंड होती: मध्यवर्ती, विभागीय, जिल्हा, तालुका आणि गाव. परंतु सरकारने नवी ग्रंथालये काढण्याऐवजी लोकांनी काढलेल्या ग्रंथालयांनाच अनुदान देऊन या पायऱ्यांवर बसवावे, ही तीमधील व्यावहारिक तडजोड होती. १९४७ पासून ती अमलात येऊ लागली. युद्धाच्या काळातल्या तिजोरीकडे पाहता तिला दोष देणे अवघड आहे. मात्र त्या तडजोडीने पुढच्या सगळ्या काळाचा साचा ठरवला.

१९६७चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम त्याच साच्यातून निघाला. त्याआधी कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये ग्रंथालयाचा कायदा केला होता, तो देशातील पहिला. मद्रासचा १९४८चा. मद्रासने मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवला, पुढे कर्नाटक आणि केरळ यांनीही तो मार्ग धरला. महाराष्ट्राने उपकर टाळला आणि ग्रंथालय निधीत शासनाने दरवर्षी किमान २५ लाख रुपये घालावेत अशी तरतूद केली. राज्य ग्रंथालय परिषद आली, जिल्हा ग्रंथालय समित्या आल्या, संचालनालय आले, आणि १९७०च्या नियमांनी ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी केली. कागदावर पाहिले तर फैजींची उतरंड पूर्ण झालेली दिसते.

प्रत्यक्षात त्या पायऱ्यांमधून खाली जाते ते फक्त अनुदान. पुस्तक जात नाही. तालुक्याच्या ‘अ’ वर्गातील ग्रंथालयाने शेजारच्या गावातील ‘ड’ वर्गाला एक तरी पुस्तक द्यावे असे बंधन नाही, आणि दिले तर त्याचे श्रेयही नाही. प्रत्येक ग्रंथालय ही स्वतंत्र नोंदणीकृत संस्था, स्वतंत्र हिशेब, स्वतंत्र कुलूप. इंदापूर तालुक्यातील एखाद्या विद्यार्थ्याला ल. रा. पांगारकरांचे मोरोपंतांवरील पुस्तक हवे असेल, तर ते दोन्ही तालुक्यांतील कोणत्या कपाटात आहे हे सांगणारी एकत्रित सूची त्याच्या हाती नाही. ते कदाचित बारा किलोमीटरवर असेल. तो एसटीने पुण्याला जातो.

आता आकड्यांकडे पाहू. राज्यात शासनमान्य ग्रंथालयांची संख्या ११ ते १२ हजारांच्या घरात गेली, आणि ‘वाढ’ म्हणून हाच आकडा समारंभांतून सांगितला जातो. २०२२-२३ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ झाली तेव्हा ‘ड’ वर्गाचे वार्षिक अनुदान ३० हजारांवरून ४८ हजार रुपये झाले. यातील निम्मे वेतनावर खर्च करायचे. म्हणजे वाढीनंतरही ग्रंथपालाच्या वाट्याला महिन्याला २ हजार रुपये, आणि त्यापूर्वी साडेबाराशे. ऊसतोडीच्या हंगामात मजूर किती दिवसांत एवढे मिळवतो, याचा हिशेब या दोन तालुक्यांतील वाचकांना आम्ही सांगायला नको. कर्मचाऱ्यांच्या वेतनाचा विचार करणाऱ्या प्रभा राव समिती, व्यंकप्पा पत्की समिती अशा समित्या होऊन गेल्या. त्यांचे अहवाल ग्रंथालय-संघाच्या अधिवेशनांत आजही उद्धृत होतात.

२०१२ मध्ये शासनाने महसूल यंत्रणेकडून राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी केली. कागदावरच चालणारी ग्रंथालये सापडली, मान्यता गेल्या, आणि त्यानंतर नव्या मान्यतांचा व दर्जावाढीचा मार्ग दीर्घकाळ बंद राहिला. बोगस संस्थांना चाप बसला हे योग्यच. पण खऱ्या संस्थाही त्याच कुलपात अडकल्या. तलाठ्याने खोली, कपाटे आणि नोंदवह्या मोजल्या. एका वर्षात किती पुस्तके किती हातांतून गेली, हा प्रश्न कोणत्याही पडताळणीच्या केंद्रस्थानी आला नाही, कारण आपल्या रचनेतच तो केंद्रस्थानी नाही.

या चित्रात एक गोष्ट जिवंत आहे आणि तिच्याविषयी साहित्याचे लोक उगाच नाक मुरडतात, म्हणून तिच्यावर थोडे थांबायला हवे. तालुक्याच्या गावी ग्रंथालयाची जी खोली सकाळी सातपासून रात्रीपर्यंत भरलेली असते ती अभ्यासिका. लोकसेवा आयोगाच्या, पोलीस भरतीच्या, तलाठी परीक्षेच्या तयारीला बसलेली मुले-मुली. ‘हे वाचन नव्हे’ असे म्हणणे सोपे आहे. पण ज्या मुलीच्या घरी दोन खोल्यांत सहा माणसे राहतात तिच्यासाठी टेबल, दिवा आणि पंखा ही सार्वजनिक ग्रंथालयाने दिलेली पहिली खरी सेवा आहे. आमची तक्रार तिच्याविषयी नाही. तक्रार ही, की ती पुस्तके घरून आणते आणि ग्रंथालयात फक्त बसते. दहा पावलांवरच्या कपाटाशी तिचा संबंध येत नाही. त्या कपाटाला कुलूप आहे, आणि किल्ली ज्याच्याकडे आहे तो तुटपुंज्या वेतनात संध्याकाळचे तीन तास येतो.

मग काय करावे? उपकर बसवा, असे ग्रंथालय चळवळीतील ज्येष्ठ अनेक वर्षे सांगत आले आहेत. तत्त्वतः आम्हाला ते मान्य आहे. पश्चिम महाराष्ट्रातील शेतकऱ्याने उसाच्या बिलातून शिक्षणासाठी प्रतिटन कपात सोसलेली आहे, आणि त्यातून महाविद्यालये उभी राहिली आहेत. तेव्हा ग्रंथालयासाठी वर्गणी देणार नाही इतका तो कोता नाही. परंतु उपकर हा रामबाण आहे असेही नाही. कर्नाटकात स्थानिक संस्थांनी गोळा केलेला उपकर ग्रंथालय खात्याकडे वेळेवर पोहोचत नाही ही तक्रार जुनीच आहे. शिवाय सगळी ग्रंथालये शासनाच्या ताब्यात द्यावीत, ही सूचना आम्हाला पटत नाही. गावाने चालवलेले वाचनालय गावातल्या राजकारणाने कधीकधी बुडते हे खरे, पण जयंतीच्या दिवशी झाडून-पुसून उघडले जाते तेही गावाचे असते म्हणूनच.

आमचा आग्रह लहान आहे. मालकी आहे तेथे राहू द्यावी, पुस्तके मात्र वाहू द्यावीत. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांपुरती शासनमान्य ग्रंथालयांची एकच सूची करावी. दाखलनोंदवह्या आहेतच, त्या संगणकात चढवणे हे एका उन्हाळी सुट्टीत मराठी विभागातील विद्यार्थ्यांकडून होण्यासारखे काम आहे, आणि प्रकल्प म्हणून आपण त्यांना आज जे देतो त्याहून ते अधिक शिकवणारे ठरेल. एका ग्रंथालयाचा सभासद तो सर्वांचा सभासद मानावा. ग्रंथांच्या वाहतुकीची चिंता करण्याचे कारण नाही. या दोन तालुक्यांत दुधाची गाडी सकाळ-संध्याकाळ गावोगाव जाते, भिगवणच्या पाणलोटाकडे जाते, नीरेकाठी जाते. कॅन जाऊ शकतो तर पेटीही जाऊ शकते. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ पासून ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमात पेट्या फिरवून दाखवल्या आहेत, तेही शासकीय उतरंडीच्या आधाराविना.

यातील खरी अडचण पैशाची नाही. कोणत्याही ग्रामीण ग्रंथपालाला विचारा. पुस्तक गहाळ झाले तर लेखापरीक्षणात उत्तर त्याला द्यावे लागते, न वाचलेल्या पुस्तकाबद्दल मात्र कोणी काही विचारत नाही. अशा नियमांखाली शहाणा माणूस कपाट बंद ठेवतो. कालव्याच्या पाण्यात झिरप आणि बाष्पीभवन गृहीत धरलेले असते, त्याची टक्केवारी पाटबंधारे खात्याच्या हिशेबात असते, आणि तेवढे पाणी गेले म्हणून पाटकऱ्याच्या पगारातून कोणी कापून घेत नाही. म्हणून संचालनालयाकडे पहिला अर्ज करायचा तर तो वाढीव अनुदानाचा नसावा. बारामतीच्या नोंदवहीतले पुस्तक इंदापूरच्या वाचकाकडे हरवले, तर ते कोणत्या नोंदवहीतून, किती टक्क्यांपर्यंत आणि कोणाच्या सहीने वजा करायचे, एवढा एक नियम त्या अर्जात मागावा.