कांस्यपदक मिळाले, पण स्टिक कोण घेऊन देणार?

टोकियोपाठोपाठ २०२४ मध्ये पॅरिसलाही भारताने पुरुष हॉकीचे कांस्यपदक जिंकले. तरी शाळांच्या मैदानांवर हॉकी खेळणारी मुले का दिसत नाहीत? ‘क्रिकेटमुळे’ हे उत्तर अर्धेच आहे. क्रिकेटही महागच, पण त्याची सुरुवात गल्लीत एका बॅटवर होते.

हॉकीचीही कधीकाळी होत असे. पुण्याच्या खडकीत धनराज पिल्ले लहानपणी मोडक्या स्टिक बांधून खेळले आणि पुढे चार ऑलिम्पिक खेळले. आज ती वाट अरुंद झाली आहे. १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकपासून मोठी हॉकी कृत्रिम टर्फवर गेली. टर्फ घालायला कोट्यवधी रुपये लागतात, शिवाय पाणी मारावे लागते ते वेगळेच. कोणत्या शाळेला हे झेपणार? मातीवर शिकलेला मुलगा निवड चाचणीला टर्फवर उतरला की चेंडूचा वेगच त्याला चकवतो.

त्यात कंपोझिट स्टिक, बूट, शिनगार्ड हा हजारोंचा खर्च घरच्यांच्या माथी. गोलकीपरच्या किटचे तर नावच नको!

विजेत्यांना बक्षिसे जरूर द्या. पण तालुक्याच्या शाळेत वीस स्टिक आणि एक गोलकीपर किटही द्या. जिथे टर्फ आहे, तिथे संध्याकाळचा एक तास जिल्हा परिषद आणि पालिका शाळांच्या मुलांसाठी मोफत ठेवा.