एक बाटली, चार ग्लास

गुढीपाडव्याला कडुनिंबाची कोवळी पानं गूळ, ओवा आणि हिंग घालून वाटतात. ती गोळी तोंडात टाकली की आधी गूळ जाणवतो, कडू मागाहून येतो आणि मग दोन्ही चवी बराच वेळ जिभेवर एकमेकींना सोडत नाहीत. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात, मिल्टन या लहानशा गावी तयार होणाऱ्या ‘१२० मिनिट आयपीए’ या बिअरचा पहिला घोट मराठी जिभेला थेट त्या गोळीची आठवण करून देतो.

ग्लासात ओतताना ती बिअरसारखी वाटतच नाही. फेस जेमतेम चढतो आणि लगेच बसतो. रंग जुन्या मधाचा, तांबूसकडे झुकणारा. ग्लास फिरवला तर पातळ काकवीसारखे ओघळ काचेवरून सावकाश खाली उतरतात. नाकाशी नेल्यावर आधी संत्र्याच्या सालीचा मुरंबा, मग नुकत्याच चिरलेल्या देवदाराची राळ आणि त्यामागे झोंबणारा मद्याचा वास. पहिला घोट गोड लागतो, चांगलाच गोड: करपवलेली साखर, खजूर, काळ्या मनुका. गिळताना हॉप्सचा कडूपणा येतो आणि टाळ्याला धरून बसतो. शेवटी छातीत ऊब उतरते, ब्रँडीच्या घोटानंतर उतरते तशी.

ही ऊब उगाच नाही. या बिअरमधलं मद्याचं प्रमाण १५ ते २० टक्के असतं. दर घाण्याला ते थोडंफार बदलतं. बाटली ३५५ मिलिलिटरची. प्रमाण १८ टक्के धरलं, तर एका बाटलीत जवळजवळ ६४ मिलिलिटर शुद्ध मद्य. आपल्याकडच्या ८ टक्क्यांच्या ‘स्ट्राँग’ बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या मोठ्या बाटलीत ते ५२ मिलिलिटर असतं. व्हिस्कीत मोजायचं तर ही लहानशी बाटली म्हणजे ६० मिलिलिटरचे अडीच लार्ज पेग.

हे आकडे ऐकून ‘एवढी कडक, म्हणजे भारीच असणार’ अशी दाद ताबडतोब येते. याच दादेशी थोडं भांडायला हवं. ही बिअर भारी आहे. पण ती कडक आहे म्हणून नव्हे.

तिच्या जन्माची गोष्ट पाहिली की हे कळतं. सॅम कॅलाजिओनी या इंग्रजी साहित्य शिकलेल्या तरुणाने १९९५ मध्ये डेलावेअरच्या किनाऱ्यावर, रेहोबथ बीच इथे ‘डॉगफिश हेड’ नावाने ब्रूपब उघडला. सुरुवातीला त्याच्याकडे जेमतेम ४५ लिटरची भांडी होती. पुढे एकदा टीव्हीवरच्या पाककृतीच्या कार्यक्रमात त्याने पाहिलं की सुपात मिरपूड एकदम न टाकता सूप शिजत असताना थोडी थोडी टाकत राहिलं, तर चव जास्त खोल उतरते. हेच हॉप्सच्या बाबतीत का करू नये, असं त्याला वाटलं.

हॉप्स म्हणजे एका वेलीची हिरवी, शंकूसारखी फुलं. वनस्पतिशास्त्रात ती भांगेच्या कुळात येतात. मोड आणून वाळवलेल्या जवाचा गोड काढा उकळतात, त्यात ती पडतात. उकळीच्या सुरुवातीला टाकली, तर कडूपणा पुरेपूर उतरतो. पण सुगंधी तेलं वाफेबरोबर उडून जातात. शेवटी टाकली, तर वास टिकतो आणि कडूपणा कमी राहतो. फोडणीतला कढीपत्ता आणि वरून भुरभुरलेली कोथिंबीर, यांत जो फरक तोच इथे. बिअर करणारे पूर्वापार दोन-तीन ठरावीक वेळांना हॉप्स टाकत आले. कॅलाजिओनीला ते सलग टाकायचे होते.

त्यासाठी त्याने वापरलं एक खेळणं. थरथरणाऱ्या पत्र्यावर प्लास्टिकचे खेळाडू सरकतात, तो जुना अमेरिकन फुटबॉलचा टेबलावरचा खेळ. तो त्याने उकळत्या भांड्यावर तिरका बसवला, त्यावर भोकं पाडलेली हॉप्सची बादली ठेवली आणि खेळाच्या थरथरीबरोबर हॉप्स खाली काढ्यात पडत राहिले. त्यातून २००१ मध्ये ‘९० मिनिट आयपीए’ आली, मग ६० आणि १२० मिनिटांच्या बहिणी. नावातला आकडा म्हणजे हॉप्स टाकत राहण्याची मिनिटं. वाफेने त्या खेळण्याचा जीव लवकरच घेतला. पण आज ते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात जपलेलं आहे.

आता मद्याच्या प्रमाणाकडे वळू. यीस्ट साखर खातं आणि मद्य तयार करतं. पण ते मद्यच वाढत जाऊन शेवटी यीस्टला मारक ठरतं. साध्या बिअरचं यीस्ट १५ टक्क्यांच्या बरंच आधी हात टेकतं. म्हणून इथे मद्य सोसणारं यीस्ट निवडावं लागतं आणि आंबत असताना त्याला साखर थोडी थोडी भरवत राहावं लागतं. एकदम दिली तर ते गुदमरतं. आंबवण मध्येच अडकली, तर अख्खा घाणा गटारात ओतावा लागतो आणि डॉगफिश हेडवर ही वेळ आलेली आहे. सगळं नीट पार पडलं तरी थोडी साखर न आंबता मागे राहतेच. म्हणून ही बिअर गोड. त्या गोडीला तोलायला कडूपणाही तेवढाच हवा, म्हणून हॉप्सचा हा मारा. तिघांतलं एक काढलं की बाकीची दोन कोसळतात.

नावातल्या ‘आयपीए’चा धागा मुंबईपर्यंत येतो. ‘इंडिया पेल एल’ म्हणजे अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्या शतकात इंग्लंडहून मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याला येणारी फिकट, हॉप्स जास्त घातलेली बिअर. लंडनच्या बो भागातल्या हॉजसनने हा व्यापार वाढवला आणि १८२० च्या दशकात बर्टन गावचे ऑलसॉप आणि बास त्यात उतरले. आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या जहाजांना काही महिने लागत. हॉप्समुळे तेवढ्या प्रवासात बिअर आंबट होत नसे. म्हणजे तेव्हाही हॉप्स वाढवण्यामागे कारण होतं. ती बिअर साधारण ६-७ टक्क्यांची असे. तिच्यापुढे १२० मिनिटला आयपीए म्हणणं ओढूनताणूनच आहे. स्वभावाने ती ‘बार्लीवाइन’ या जुन्या इंग्रजी घराण्याच्या जास्त जवळची.

तिच्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो खराही आहे: एवढे हॉप्स घालून शेवटी हाती काय लागतं? ताज्या बाटलीत साखर आणि मद्य हॉप्सवर कुरघोडी करतात. दोन-तीन वर्षं ठेवलेल्या बाटलीत हॉप्सचा वास बराचसा विरतो आणि खजूर, मनुका, टॉफी पुढे येतात. हॉप्सची खरी मजा हवी असेल, तर ९ टक्क्यांची ९० मिनिट बिअर निःसंशय सरस आहे. ती अधिक तोललेली आहे आणि ग्लासभर पिता येते. १२० मिनिट ही जेवणानंतरची, निळ्या बुरशीच्या चीजबरोबर किंवा नुसती, वाटीभर चाखायची चीज. फ्रिजमधून काढून वीसएक मिनिटं तशीच ठेवावी. बर्फगार प्यायली तर फक्त साखर आणि जळजळ कळते.

अमेरिकेतही ती सगळीकडे विकता येत नाही, कारण काही राज्यांनी बिअरमधल्या मद्यावर मर्यादा घातली आहे. नॉर्थ कॅरोलायनाने २००५ मध्ये ही मर्यादा ६ टक्क्यांवरून १५ वर नेली. भारतात ८ टक्क्यांपर्यंतच्या पेयालाच बिअर म्हणता येतं आणि ५ टक्क्यांच्या वर गेली की ती ‘स्ट्राँग’. आपल्याकडे खपणाऱ्या बिअरमध्ये या ‘स्ट्राँग’चाच वाटा फार मोठा आहे. ती घेताना दुकानात विचारला जाणारा प्रश्न एकच: कितीची आहे? चवीबद्दल कोणी विचारत नाही. कमी पैशांत जास्त मद्य, एवढाच हिशेब. पुण्यात २००९ मध्ये ‘डूलाली’ने मायक्रोब्रुअरी सुरू केली, तेव्हापासून महाराष्ट्रात बिअर चवीने पिणारा वर्ग वाढतो आहे. पण त्याच वर्गातही ‘किती टक्के?’ हा प्रश्न पहिला येऊ लागला, तर मिळवलं काय?

यावर एक साधा, बिनखर्चाचा उपाय आहे. बाटलीवर नुसती टक्केवारी न छापता त्या बाटलीत एकूण किती मिलिलिटर मद्य आहे, तेही ठळक छापावं. टक्केवारीवरून गुणाकार करत कोणी बसत नाही. ब्रिटनमध्ये बहुतेक बाटल्यांवर १० मिलिलिटर शुद्ध मद्याचं एक ‘युनिट’ धरून आकडा छापलेला असतो आणि तिथल्या आरोग्य खात्याची आठवड्याची मर्यादा १४ युनिटांची आहे. त्या मापाने १२० मिनिटची एक बाटली साडेसहा युनिटांच्या आसपास जाते: एका बैठकीत जवळजवळ अर्धा आठवडा. भारतात वाहन चालवणाऱ्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य आढळलं, तर तो गुन्हा आहे. लहानशी बाटली पाहून ‘एकच तर घेतली’ म्हणत गाडीची किल्ली उचलणाऱ्याला तो छापील आकडा वेळेवर थांबवू शकेल. राज्याच्या उत्पादन शुल्क विभागाने आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हे मनावर घ्यावं.

न्यू जर्सीत किंवा पेनसिल्व्हेनियात नातेवाईक असलेल्या मराठी घरांत ही बाटली कधीतरी टेबलावर येईलही. आली तर एकट्याने उघडू नये. चार लहान ग्लास घ्यावेत आणि प्रत्येकात ९० मिलिलिटरला थोडं कमी ओतावं. तासभर पुरवावं, मध्ये पाणी प्यावं आणि त्या दिवशी गाडीला हात लावू नये. तेवढ्या पाव वाट्यात प्रत्येकाच्या पोटात १६ मिलिलिटर मद्य जातं. ५ टक्क्यांच्या साध्या बिअरची ३३० मिलिलिटरची एक अख्खी बाटली रिकामी केली, तरी तेवढंच जातं.