मळी

आपल्या शिरूर-दौंडकडे मळी या एका शब्दात दोन जिनसा राहतात. शेतकरी मळी म्हणतो ती कारखान्यात रस गाळल्यावर उरलेली काळपट, भुसभुशीत प्रेसमड. ती ट्रॉलीने वावरात येऊन पडते. उत्पादन शुल्क खात्याच्या कागदावरची मळी वेगळी. ती साखर निघाल्यावर उरलेला चिकट काळा पाक, आणि त्यापासून मद्यार्क होतो. ऊस न्हावऱ्याचा असो की पाटसचा, त्याचं एक अंग मातीत जातं आणि दुसरं बाटलीत.

पहिलं अंग घराच्या अंगणात आणा आणि दुसरं प्यायलात तर गाडीला हात लावू नका, एवढंच सांगायचं आहे. दोन्हींत गोम एकच आहे, हवेची. हवा खेळती राहिली की जिवाणू काडीकचऱ्याचं खत करतात. हवा कोंडली की यीस्ट साखरेची दारू करतं.

आधी खताचं. अंगणासाठी ट्रॉलीभर मळी नको, उसाचं पाचट पुरे. अंगणात चार कुंड्या असल्या तरी पुरे. झाकणाचा एक जुना ड्रम किंवा बादली घ्या आणि बुडाला व बाजूंना बोटभर अंतरावर भोकं पाडा. तळाशी वाळक्या काड्यांचा थर द्या. मग भाजीची देठं, कांद्याची सालं, चहाचा चोथा असा ओला कचरा एक भाग आणि सुका कचरा दोन-अडीच भाग. सुक्याला आपल्याकडे तोटा नाही. गळीत सुरू झालं की पाचटाचे ढीग बांधाला पडलेले असतात आणि आपण काडी ओढून मोकळे होतो. तेच पाचट कोयत्याने बारीक करून ड्रमपाशी एका पोत्यात भरून ठेवा. पाचट एकटं लवकर कुजत नाही. त्यात कर्ब फार आणि नत्र थोडं, म्हणून त्याला ओल्या कचऱ्याची आणि मूठभर शेणाची सोबत लागते. विरजण म्हणून जुनं खत किंवा आंबट ताक चालतं. बाजारात मिळणाऱ्या महागड्या कल्चरच्या पुड्यांवाचून काही अडत नाही, असं माझं मत आहे.

रोजचा कचरा टाकला की वर पाचटाचा थर, म्हणजे माश्या येत नाहीत. आठवड्यातून एकदा काठीने खालीवर करा. मूठभर घेऊन दाबून पाहा. लाडू वळला आणि बोटांतून थेंबभर पाणी डोकावलं तर ओल बरोबर आहे. पाणी गळायला लागलं तर ते जास्त झालं. वास तुम्हाला सगळं सांगतो. झोंबणारा वास आला तर ओला कचरा जास्त झालाय, सुका घाला. आंबूस वास आला तर आत हवा नाही, माल खत होण्याऐवजी आंबायला लागलाय. तेव्हा ड्रम उपसा, उन्हात पसरा आणि पाचट मिसळून पुन्हा भरा. मटण, मासे, तेलकट उरलंसुरलं आणि दूध त्यात घालू नका. घुशी येतात. अडीच-तीन महिन्यांत काळं, मातीच्या वासाचं खत हाती लागतं. कुंडीत दोन भाग मातीला एक भाग घाला. घाई करून कच्चंच टाकलंत तर मुळं पोळतात.

आता दुसऱ्या मळीकडे वळू. तिथंही घाई नडते. लिंबूपाणी, ताक, कडक चहा, थंड पाण्याची आंघोळ यांनी दारू उतरते, अशी समजूत लग्नाच्या मांडवापासून ढाब्यापर्यंत सगळीकडे आहे. ती खोटी आहे. रक्तातली दारू यकृत आपल्या चालीने काढतं आणि ती चाल कशानेच वाढत नाही. साधारण तासाला १०० मिलिलिटर रक्तातून १५ मिलिग्रॅमच्या आसपास. साठ-सत्तर किलोच्या माणसाने एक क्वार्टर, म्हणजे १८० मिलिलिटर, झटक्यात रिचवली तर रक्तातली पातळी १०० मिलिग्रॅमच्या वर जाते. कायद्याची रेषा आहे ३०. रात्री अकराला ग्लास ठेवला आणि पहाटे साडेपाचला रांजणगावच्या किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला निघालात तर तुम्ही अजून रेषेपलीकडे असू शकता. डोकं जड नाही म्हणून आपण ठीक आहोत, हा हिशोब पोलिसांचं श्वास तपासायचं यंत्र मानत नाही. रक्तातली दारू फुफ्फुसातून श्वासात येते आणि नळीत फुंकर मारली की आकडा दिसतो.

मोटार वाहन कायद्याचं १८५ वं कलम नीट समजून घ्या. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद, १५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही. ही पावती फाडून मिटणारी बाब नाही, कोर्टातच उभं राहावं लागतं. दोषी ठरलात की किमान सहा महिने गाडी चालवायला अपात्र. ज्याचं पोट टेंपोच्या स्टेअरिंगवर आहे त्याने दंडापेक्षा या सहा महिन्यांचा विचार करावा. गाडी चालवली पाहिजेच असंही नाही, चालवण्याचा प्रयत्नही गुन्ह्यात धरला जातो. मोटारसायकल आणि ट्रॅक्टरसुद्धा यात आले. फुंकर मारायला नकार देऊन सुटता येत नाही. कारण नसताना दिलेला नकार कोर्टात तुमच्याविरुद्धच जातो आणि पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. “चल रे, काय होत नाय” म्हणत प्यायलेल्या मित्राला चावी देणाऱ्यालाही कलम १८८ आहे. गुन्ह्याला चिथावणी देणाऱ्याला तीच शिक्षा.

अपघात झाला तर प्रकरण तिथं थांबत नाही. १२ नोव्हेंबर २००६ ला मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर फूटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी चढली आणि सात जण गेले. चालक प्यायलेला होता. सत्र न्यायालयाने त्याला सहा महिन्यांची शिक्षा दिली होती. उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध धरून ती तीन वर्षं केली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. आज भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूला पाच वर्षांपर्यंत कैद आहे आणि सदोष मनुष्यवध ठरला तर शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते. विम्याचंही ऐका. प्यायलेल्या चालकाच्या हातून स्वतःच्या गाडीचं झालेलं नुकसान विमा कंपनी भरत नाही.

मुंबई लांब वाटत असेल तर वाघोली पाहा. २०२४ च्या डिसेंबरात केसनंद फाट्याजवळ मध्यरात्री फूटपाथवर झोपलेल्या मजुरांना डंपरने चिरडलं. तिघे गेले, त्यांत दोन तान्ही लेकरं होती. चालक दारूच्या नशेत होता, असं पोलिसांनी सांगितलं. शिरूरहून पुण्याला निघालं की वाघोली वाटेतच लागते.

आणि आपला न्हावरे-चौफुला रस्ता? हंगामात उसाच्या ट्रॉल्या मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही अशा अंधारात उभ्या असतात. शुद्धीतल्या माणसालाही त्या वेळेवर दिसत नाहीत.

जत्रेला, लग्नाला निघताना घरातूनच ठरवून निघा की आज कोण पिणार नाही, आणि चावी त्याच्याच खिशात ठेवा. घरी कोणी पाहुणे पिऊन बसले तर त्यांचं अंथरूण टाका. सकाळी उठून त्यांना चुळबुळ सुटलीच तर हातात काठी द्या आणि ड्रममधलं खत खालीवर करायला लावा. नाष्टा होईल, ऊन चढेल. पहिली पाळी असेल तर स्टँडवर सोडा, एसटीने जातील.