विश्लेषण : एका डबल अल्बममध्ये 18 गाणी… रायन ॲडम्सच्या ‘कोल्ड रोझेस’वरून श्रोत्यांचे दोन तट का?

अमेरिकी गायक-गीतकार रायन ॲडम्सचा ‘कोल्ड रोझेस’ हा डबल अल्बम मे 2005 मध्ये आला. त्याला 20 वर्षे उलटून गेली, तरी कंट्री रॉकच्या चाहत्यांमधला एक वाद मिटलेला नाही. हा त्याच्या उत्तम कामांपैकी एक आहे, यावर बहुतेकांचे एकमत होते. वाद लांबीचा आहे. काहींच्या मते यातली निम्मी गाणी गाळली असती, तर अल्बम अजरामर झाला असता. तर काहींच्या मते एकही गाणे काढले, तर त्याचा जीवच जाईल.

अल्बममध्ये आहे काय?

नॉर्थ कॅरोलायनातील जॅक्सनव्हिल गावी 1974 मध्ये जन्मलेला ॲडम्स आधी ‘व्हिस्कीटाऊन’ या बँडमुळे माहीत झाला. ‘हार्टब्रेकर’ (2000) आणि ‘गोल्ड’ (2001) या एकल अल्बमनी त्याला मोठा श्रोतृवर्ग मिळवून दिला. जानेवारी 2004 मध्ये लिव्हरपूल येथील कार्यक्रमात मंचावरून पडून त्याचे मनगट मोडले. त्यानंतरच्या वर्षी आलेला ‘कोल्ड रोझेस’ हा ‘द कार्डिनल्स’ या नव्या बँडसोबतचा त्याचा पहिला अल्बम. दोन सीडी, प्रत्येकीवर नऊ गाणी. गिटारवर जे. पी. बोवरसॉक, पेडल स्टीलवर सिंडी कॅशडॉलर, बासवर कॅथरिन पॉपर आणि ड्रम्सवर ब्रॅड पेम्बर्टन. कंट्रीचा विरह आणि ‘ग्रेटफुल डेड’च्या धाटणीची रेंगाळणारी गिटार, असा हा मेळ आहे.

‘गाणी कमी करा’ म्हणणाऱ्यांचे म्हणणे काय?

अति तिथे माती, हा त्यांचा मुद्दा. बरीचशी गाणी एकाच मध्यम लयीत चालतात. प्रतिमाही पुन्हा पुन्हा येतात. नुसती शीर्षके पाहिली, तरी मॅग्नोलिया, चेरी, गुलाबकळी, गुलाब आणि बहर अशी बागच दिसते. ज्याला गाणे सहज सुचते, त्याने ते पाखडून मगच लोकांपुढे ठेवावे, अशी या श्रोत्यांची अपेक्षा आहे. ती चुकीची म्हणता येत नाही. सुचणे हे कलावंताचे भाग्य असेल. निवडणे ही त्याची जबाबदारी आहे.

ही तक्रार जुनीच आहे का?

होय. ‘बीटल्स’च्या 1968 मधील, ‘व्हाइट अल्बम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या 30 गाण्यांच्या डबल अल्बमबद्दल खुद्द निर्माते जॉर्ज मार्टिन यांचे मत होते की, त्यातून एकच चांगला अल्बम काढायला हवा होता. ‘रोलिंग स्टोन्स’च्या ‘एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट’वर (1972) सुरुवातीला संमिश्र प्रतिक्रिया आल्या. त्यातही 18च गाणी आहेत आणि आज तो त्यांच्या सर्वश्रेष्ठ कामांत गणला जातो. अर्थात, ‘एक्झाइल’ तरला म्हणून प्रत्येक डबल अल्बम तरेलच असे नाही.

मग ‘कोल्ड रोझेस’ला कात्री लावायला हवी होती का?

नाही. त्याचे कारण अल्बमच्या रचनेतच आहे. सर्व गाणी मिळून सुमारे 76 मिनिटे होतात. म्हणजे ती एका सीडीवरही मावली असती. तरीही दोन सीडी केल्या, त्या दोन स्वतंत्र बैठका व्हाव्यात म्हणून. प्रत्येक बैठक साधारण जुन्या एलपीएवढी. पहिली ‘हाऊ डू यू कीप लव्ह अलाइव्ह’ या संथ, हताश गाण्यावर थांबते आणि दुसरी ‘ईझी प्लॅटो’च्या सैल, मोकळ्या वादनाने सुरू होते. मधली उसंत महत्त्वाची आहे. एका दमात 18 गाणी ऐकणाऱ्याला कंटाळा आला, तर तो अल्बमइतकाच ऐकण्याच्या पद्धतीचाही दोष आहे.

दुसरे कारण बँडचे. इथे एकट्याने गाणारा माणूस इतरांसोबत वाजवायला शिकतो आहे. ‘लेट इट राइड’सारखे घट्ट बांधलेले गाणे निवडणे सोपे आहे, पण बँड एकमेकांना कसा शोधतो, हे कळते ते कमी नेटक्या गाण्यांतून. ती काढली, तर उरेल तो चांगल्या गाण्यांचा संग्रह. हा अल्बम त्याहून अधिक काही आहे.

तरीही श्रोते दमले, ते कशामुळे?

कॅलेंडरमुळे. ‘कोल्ड रोझेस’नंतर चारच महिन्यांनी, सप्टेंबर 2005 मध्ये, पारंपरिक कंट्रीकडे झुकलेला ‘जॅक्सनव्हिल सिटी नाइट्स’ आला आणि डिसेंबरमध्ये ‘29’. आठ महिन्यांत तीन अल्बम, 40 च्या आसपास गाणी. एक अल्बम अंगवळणी पडायच्या आत दुसरा दारात उभा. ‘29’मधली गाणी आधीच ध्वनिमुद्रित झालेली होती, ती वर्षभर थांबली असती, तर काही बिघडले नसते. ‘भारंभार लिहितो’ हा शिक्का बसला तो या घाईमुळे, आणि त्याची किंमत ‘कोल्ड रोझेस’ने मोजली.

आज हा वाद का महत्त्वाचा?

फेब्रुवारी 2019 मध्ये ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने ॲडम्सच्या वर्तनाबद्दल अनेक महिलांचे आरोप प्रसिद्ध केले, त्याने ते नाकारले. त्यानंतर काही श्रोत्यांनी त्याला ऐकणेच सोडले आणि तो त्यांचा हक्क आहे. गाण्यांच्या लांबीचा वाद त्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही. पण वेगाची सवय सुटलेली नाही. 2022 मध्ये त्याने पुन्हा एकाच वर्षात अनेक अल्बम काढले. स्ट्रीमिंगच्या काळात असे करणे कोणालाही सहज शक्य आहे. तिथे सीडीची मर्यादा नाही आणि न आवडलेले गाणे ओलांडायला बोटाचा एक स्पर्श पुरतो. म्हणूनच दीर्घ अल्बम काढणाऱ्याने श्रोत्याला गाण्यांइतकाच वेळही द्यायला हवा. ‘कोल्ड रोझेस’ला तो 2005 मध्ये मिळाला नाही. आज ऐकणाऱ्याने तो स्वतःहून द्यावा : एका संध्याकाळी पहिली नऊ गाणी, दुसरी नऊ दुसऱ्या दिवशी.