पाण्यावरचे जॅकेट आणि पाण्याखालचे जॅकेट

नौदलाच्या सेवेतून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली 'आयएनएस गुलदार' ही युद्धनौका सिंधुदुर्गात निवतीजवळ समुद्रतळाशी बसवायची आणि तिच्याभोवती पाण्याखालचे संग्रहालय उभे करायचे, असा प्रकल्प राज्याच्या पर्यटन महामंडळाने हाती घेतला आहे. तारकर्लीत महामंडळाची स्कुबा प्रशिक्षण संस्था आधीपासून आहेच. आजवर मालवणला 'स्कुबा केला' म्हणजे प्रशिक्षकाने पाठीमागून धरून पंधरा-वीस मिनिटे मासे दाखवून आणले, एवढाच अर्थ होता. आता रीतसर कोर्स करून स्वतः डायव्ह करणारा आणि स्वतःचे साहित्य विकत घेणारा मराठी तरुण दिसू लागला आहे. त्यात समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या आपल्या सोनारी-परंड्याकडचीही मुले आहेत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : जॅकेट कोणते घेऊ?

हे जॅकेट म्हणजे 'बॉयन्सी कॉम्पेन्सेटर', डायव्हर मंडळींच्या भाषेत 'बीसीडी'. हा प्रश्न दुकानदाराचा वाटतो, पण निम्म्याहून अधिक तो फुप्फुसांचा, कानांचा आणि हृदयाचा आहे.

आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकताना पाठीला भोपळा, पांगऱ्याचा ओंडका किंवा झाकण पक्के केलेला रिकामा डबा बांधतात. या साधनांचे काम एकच, वर ठेवणे. बीसीडीचे काम वेगळे आहे. डायव्हरला वरही यायचे नसते आणि तळाशीही बसायचे नसते. मधे अधांतरी थांबायचे असते. त्यासाठी सिलिंडरमधली हवा बटण दाबून जॅकेटच्या पिशवीत घ्यायची आणि झडपेतून सोडायची. मेख अशी की ही पिशवी डब्यासारखी टणक नाही. समुद्रसपाटीला हवेचा दाब एक पट धरला, तर दहा मीटर खोलीवर तो दुप्पट होतो. तिथे पिशवीत तीन लिटर हवा असेल, तर पृष्ठभागावर येईपर्यंत तिची सहा लिटर होते. म्हणजे माणूस थोडा वर सरकला की पिशवी फुगते, फुगली की त्याला आणखी वर ओढते आणि वेग वाढतच जातो. सर्वांत मोठा फरक वरच्या दहा मीटरांतच पडतो. नवशिके डायव्हर बहुतेक वेळ तिथेच असतात.

पिशवीत जे घडते तेच छातीत घडते. घाबरून श्वास रोखलेला माणूस वर फेकला गेला, तर फुप्फुसांतली हवा प्रसरण पावून नाजूक वायुकोश फाटू शकतात. हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत पोहोचले, तर अर्धांगवायू किंवा मृत्यू ओढवतो. त्यासाठी फार खोली लागत नाही. छाती पूर्ण भरलेली असताना श्वास रोखून सव्वा-दीड मीटर वर येणेही पुरेसे ठरू शकते. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेच्या संशोधकांनी ९४७ डायव्हिंग मृत्यूंचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या मृत्यूंत नेमकी इजा ठरवता आली, त्यांत सुमारे ३३ टक्के गुदमरून, २९ टक्के रक्तात हवा शिरून आणि २६ टक्के हृदयविकाराने झाले होते. साहित्य बिघडल्याने सुरू झालेल्या दुर्घटना साधारण १५ टक्के. हवा संपत आल्यामुळे सुरू झालेल्या ४१ टक्के. थोडक्यात, महागडे जॅकेट माणसाला वाचवत नाही. ते हाताळण्याची सवय आणि श्वासाची शिस्त वाचवते.

म्हणून पहिला सल्ला असा : कोर्स पूर्ण होण्याआधी बीसीडी विकत घेऊ नका. किंमत पाच आकड्यांत जाते आणि स्वतःला काय मानवते हे चार-सहा डायव्ह झाल्याशिवाय कळत नाही. आधी चेहऱ्याला नीट बसणारा मास्क घ्यावा, जॅकेट तोवर भाड्याचे चालते.

घ्यायचेच झाले, तर मुख्य प्रकार दोन. पहिला बंडीसारखा, ज्यात हवा पाठ, कुशी आणि पोटाभोवती पसरते. पृष्ठभागावर तो माणसाला उभा ठेवतो, म्हणून नवख्याला सोयीचा. दुसऱ्या प्रकारात सगळी हवा पाठीमागे असते. पाण्याखाली आडवे राहायला तो उत्तम, छाती-पोट मोकळे राहते. पण वर आल्यावर जास्त हवा भरली, तर तो चेहरा पाण्याकडे ढकलतो. सवयीने हे सांभाळता येते, पहिल्याच दिवशी मात्र धांदल उडते.

दुकानात जॅकेट घालून पूर्ण फुगवा आणि खोल श्वास घ्या. छाती आवळली जात असेल, तर ते माप तुमचे नाही. पोट सुटलेल्यांनी आणि महिलांनी ही चाचणी टाळूच नये. मग फुगवलेले जॅकेट पंधरा मिनिटे तसेच ठेवा. सैल पडले, तर कुठेतरी गळती आहे. हवा भरायचे आणि सोडायचे बटण डोळे मिटून ओळखता आले पाहिजे. हवा सोडायची झडप खांद्यावर आणि खाली कमरेजवळ, दोन्हीकडे हाताला सहज लागली पाहिजे. कोकणच्या कोमट पाण्यात पातळ सूट घालणाऱ्याला उचलण्याची प्रचंड क्षमता लागत नाही. मोठी पिशवी म्हणजे जास्त सुरक्षा हा गैरसमज आहे. पिशवी जितकी मोठी, तितकी चुकून जास्त हवा भरली जाण्याची शक्यताही मोठी.

शिशाच्या वजनांचे गणितही इथेच येते. जास्त शिसे बांधले की बुडू नये म्हणून जॅकेटमध्ये जास्त हवा भरावी लागते आणि मग वर सांगितलेले चक्र सुरू होते. भरलेल्या सिलिंडरमधल्या हवेचेच वजन अडीच किलोच्या आसपास असते. डायव्हच्या शेवटी त्यातले बरेचसे गेलेले असते, हे धरूनच वजन ठरवावे. तलावात किंवा विहिरीत जमलेले गणित समुद्रात चालत नाही, कारण खारे पाणी माणसाला जास्त उचलते. सगळे साहित्य धरून शंभर किलो भरणाऱ्या माणसाला समुद्रात साधारण अडीच किलो शिसे वाढवावे लागते. वजने एका हिसक्यात सुटली पाहिजेत. अनेक मृत डायव्हर सापडले, तेव्हा त्यांची वजने अंगावर तशीच होती.

प्रत्येक डायव्हनंतर जॅकेट आतून-बाहेरून गोड्या पाण्याने धुवावे. मिठाचे खडे साचून बटण अडकले, तर हवा आपोआप भरत राहते. आत ओल राहिली, तर बुरशी आणि जंतू वाढतात. म्हणून भाड्याच्या जॅकेटमध्ये तोंडाने हवा भरताना त्याच्यातली हवा उलट छातीत ओढू नये.

आता सर्वांत महत्त्वाचा फरक. बीसीडी हे लाइफ जॅकेट नाही. चांगल्या कंपन्या तसा इशारा जॅकेटवरच छापतात. लाइफ जॅकेट बेशुद्ध माणसाचे तोंड पाण्याबाहेर ठेवण्यासाठी बनवलेले असते, बीसीडी तशी हमी देत नाही. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला स्कुबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. डायव्हिंग संपले होते, धोका संपला नव्हता. सप्टेंबर २०२५ मध्ये गायक झुबिन गर्ग यांचा सिंगापूरला मृत्यू झाला, तेव्हा सुरुवातीला 'स्कुबा अपघात' अशा बातम्या आल्या. प्रत्यक्षात ते पोहताना बुडाले होते. पाण्याखाली जाण्याची भीती आपल्याला वाटते, पाण्यावर असताना मात्र आपण निर्धास्त होतो. बोटीत पाय ठेवल्यापासून लाइफ जॅकेट, डायव्हच्या वेळी बीसीडी, परत बोटीत आल्यावर पुन्हा लाइफ जॅकेट, असा साधा नियम हवा. त्याच सप्टेंबरात परंडा तालुक्याला पुराने वेढले, माणसे हेलिकॉप्टरने उचलावी लागली. लाइफ जॅकेट ही फक्त कोकणची गरज नाही, हे आपण तेव्हा पाहिले आहे.

डायव्हिंगच्या आधी भरायच्या आरोग्य-अर्जावर 'सगळे ठीक' अशी खूण करून मोकळे होऊ नका. दमा, फिट्स, छातीत पूर्वी साचलेली हवा, कानाच्या पडद्याला छिद्र, हृदयविकार, गर्भारपण यांपैकी काहीही असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. साधी सर्दी असली, तरी त्या दिवशी डायव्ह नको, कारण कानातला दाब सारखा करता येत नाही. चाळिशी उलटलेल्यांनी हृदयाची तपासणी करूनच जावे.

परतीचा प्रवासही लक्षात घ्या. विमानाने जायचे असेल, तर एका डायव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डायव्ह झाले असतील, तर किमान १८ तास थांबावे, असे मार्गदर्शन आहे. ते समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या वरच्या उंचीला लागू होते. आंबोली सुमारे ७०० मीटर उंच आहे आणि मालवणहून घरी येताना कुठला ना कुठला घाट चढावाच लागतो. प्रशिक्षकाबरोबरच्या एका उथळ फेरीत ही जोखीम अगदी थोडी. पण दोन दिवस खोल डायव्ह करणाऱ्याने शेवटची दुपार पाण्यात घालवून रात्रीच घाट चढू नये. एक मुक्काम वाढवावा.

घरी आल्यावर सांधे दुखणे, मुंग्या येणे, चक्कर, हातापायांतली ताकद जाणे अशी लक्षणे दिसली, तर डॉक्टरांना 'डायव्हिंगला गेलो होतो' हे आपणहून सांगा. आणि माझ्या सहकारी डॉक्टरांनो, मराठवाड्यातल्या ओपीडीतही हा प्रश्न आता विचारायला हवा. अशा रुग्णाला लगेच ऑक्सिजन लावावा आणि दाबाच्या विशेष कक्षात उपचारांची सोय पाहावी. मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात असा कक्ष आहे.

'गुलदार'पाशी गर्दी वाढेल, कोकणातल्या तरुणांना रोजगार मिळेल, हे चांगलेच. पण प्रत्येक बोटीवर ऑक्सिजन, मोजून लाइफ जॅकेट, साहित्याची वेळेवर तपासणी आणि रुग्णाला कुठे, कसे हलवायचे याचा ठरलेला मार्ग, या चार गोष्टी पर्यटक येण्याआधी तयार हव्यात. सरकारने त्या केल्या आहेत का, हे बोटीत बसण्यापूर्वी विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे. उत्तर मिळाले नाही, तर किनाऱ्यावर बसून समुद्र पाहावा, तिथूनही तो छानच दिसतो.