शकुंतलेचे रूळ उखडू देणार नाही!

गिरणी कामगार बंधूंनो आणि भगिनींनो,

आज आम्ही एका आगगाडीचे गाऱ्हाणे घेऊन तुमच्या दारात आलो आहोत. तुम्ही म्हणाल, वऱ्हाडातली कुठली ती खेडवळ गाडी, तिच्याशी गिरणगावाचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो रक्ताचा आहे. ब्लोरूममध्ये आपण ज्या गाठी फोडल्या, ज्या रुईचे तंतू आपल्या बापांच्या छातीत जाऊन बसले, ती रुई काय कॉटन ग्रीनच्या गोदामात उगवत होती? ती यवतमाळ-दारव्ह्याच्या काळ्या रानात वेचली गेली, तिथल्या जिनात सरकीपासून सुटली, प्रेसमध्ये दाबून तिच्या गाठी झाल्या आणि एका लहानशा गाडीत बसून ती मुंबईच्या वाटेला लागली. त्या गाडीचे नाव शकुंतला.

गाडी कुणाची, माल कुणाचा?

इतिहास थोडक्यात सांगतो. मुंबईच्या किलिक निक्सन या इंग्रजी पेढीने १९१० साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. मूर्तिजापूर हे मुंबई-नागपूर मोठ्या लाइनीवरचे स्टेशन. तिथून एक फाटा कारंजा, दारव्ह्यावरून यवतमाळला गेला, ११३ किलोमीटर. दुसरा दर्यापूर, अंजनगावावरून अचलपूरला, ७६ किलोमीटर. रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट! साहेबाला वऱ्हाडी माणसाच्या प्रवासाची काळजी लागली होती म्हणून का हे रूळ पडले? अहो, त्याला कापूस हवा होता. इथला कापूस बंदरावर न्यायचा, बोटीत घालायचा, मँचेस्टरला विणायचा आणि त्याचेच धोतर करून आपल्याला विकायचे, असा तो धंदा.

गाडी ओढणारे इंजिनसुद्धा मँचेस्टरचेच. १९२१ साली ते बनले, १९२३ साली इथल्या रुळावर आले आणि १९९४ च्या एप्रिलपर्यंत, म्हणजे ७१ वर्षे, राबत राहिले! मग कुठे डिझेल आले. कापूस गेला तिथूनच इंजिन आले, आणि मधल्या मधे नफा कुणाच्या खिशात गेला हे आम्ही सांगायला नको.

स्वराज्य आले, शकुंतलेला कळले नाही

१९४७ साली इंग्रज गेला. १९५१ साली मध्य रेल्वे झाली. देशातल्या संस्थानी आणि कंपनीच्या गाड्या एकेक करून सरकारच्या झाल्या. शकुंतला तेवढी राहिली! रूळ कंपनीचे, गाडी आणि माणसे मध्य रेल्वेची, आणि मधे दहा-दहा वर्षांचे करार. आता अशा दोन मालकांच्या घरात छप्पर कोण शाकारणार? रेल्वे म्हणणार, रूळ कंपनीचे, डागडुजी तिने करावी. कंपनी म्हणणार, पैसे रेल्वेकडे अडकले, आम्ही कशातून करू? आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, त्यातली ही गत.

त्या भांडणात स्लीपर कुजले, पूल खिळखिळे झाले, गाडीचा वेग ताशी वीस किलोमीटरवर आला. धाकट्या स्टेशनांवर माणूसच उरला नाही. गार्डानेच उतरायचे, तिकिटे फाडायची, पुन्हा चढून झेंडी दाखवायची. तरीही गरीब माणूस त्याच गाडीने जात राहिला, कारण एस.टी.चे भाडे त्याला झेपत नव्हते. आणि २०२० साल उजाडण्याआधी दोन्ही फाट्यांवरची गाडी थांबली. रुळांवर आज बाभळी माजल्या आहेत.

"तोटा" हा शब्द ओळखीचा वाटतो ना?

साहेबलोक म्हणतात, गाडी तोट्यात होती. बंधूंनो, हा शब्द आपण कुठे ऐकला बरे? साचे पन्नास वर्षांचे झाले तरी बदलायचे नाहीत, नफा दुसऱ्या धंद्यात वळवायचा, आणि मग जुने साचे परवडत नाहीत म्हणून गिरणीला टाळे ठोकायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मुंबईत अडीच लाख गिरणी कामगार होते. आज ते कुठे आहेत, आणि गिरण्यांच्या जमिनीवर काय उभे आहे, ते लालबागच्या नाक्यावर मान वर करून पाहा. आधी उपाशी ठेवायचे आणि मग अशक्त म्हणून मारायचे, हाच न्याय शकुंतलेला लावला गेला.

लालबाग-परळच्या फिनले गिरणीचे नाव तुम्हांला ठाऊक आहे. एन.टी.सी.ने त्या नावाची नवी गिरणी अचलपूरला नेऊन उभी केली. कापसाच्या दारात गिरणी! केवढी चांगली गोष्ट! पण गिरणी नवी आणि दारातला रूळ अडीच फुटांचा, मरायला टेकलेला. आणि २०२० च्या टाळेबंदीत एन.टी.सी.च्या गिरण्या देशभर थांबल्या, त्यांत तीही थांबली. एकाच गावात गिरणीचा भोंगा बंद आणि गाडीची शिटीही बंद! आता सांगा, हा प्रश्न वऱ्हाडचा की आपला?

तीन सबबी, तीन उत्तरे

पहिली सबब : ट्रक आहेत, गाडी कशाला? ट्रक आहेत, पण डिझेलचा भाव वाढला की भाडे वाढते, आणि ते शेवटी शेतकऱ्याच्या भावातून कापले जाते. १७० किलोच्या गाठी, अचलपूर-अंजनगावची संत्री, तूर, सोयाबीन, हा सगळा जड माल. जड माल लांब न्यायला रुळाइतका स्वस्त रस्ता अजून निघालेला नाही.

दुसरी सबब : वर्धा-यवतमाळ-नांदेड ही मोठी लाइन होतेच आहे. होते आहे, आम्ही तिचे स्वागत करतो. वर्ध्यापासून कळंबपर्यंत २०२४ च्या फेब्रुवारीत गाडी सुरूही झाली. पण ती मूर्तिजापूरला जात नाही, कारंज्याला जात नाही, दर्यापूर, अंजनगाव, अचलपूरला तर नाहीच नाही. एका भावाला सदरा शिवला म्हणून दुसऱ्याने उघडे फिरावे काय?

तिसरी सबब जरा गोड आहे : वारसा म्हणून जपू, पर्यटकांसाठी खेळण्यातली गाडी करू. आम्हांला खेळणे नको! अडीच फुटांच्या रुळाचे दोष आम्ही जाणतो. मूर्तिजापूरला प्रत्येक गाठ लहान डब्यातून काढून मोठ्या वाघिणीत भरायची, दुप्पट हमाली, दुप्पट वेळ. म्हणूनच तर माल ट्रककडे पळाला. आमचे मागणे मोठ्या रुळाचे आहे.

बार्शीकडे पाहा

हे होत नाही असे कोण म्हणतो? बार्शी लाइटही अशीच अडीच फुटांची होती. कॅलथ्रॉप साहेबाने ती १८९७ साली सुरू केली, तीही कंपनीचीच होती. पण १९५४ साली सरकारने ती ताब्यात घेतली, आणि पुढे तिचा रूळ रुंद झाला. उशीर झाला, अर्धे शतक गेले, पण झाला. आज लातूरचा माणूस रात्री गाडीत बसतो आणि सकाळी मुंबईत उतरतो. बार्शीला एक न्याय आणि अचलपूरला दुसरा, हे कुठल्या कायद्यात बसते?

२८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात विदर्भाला शब्द दिला होता की खर्चात तुमचा वाटा लोकसंख्येच्या मानाने मिळेल. रेल्वे दिल्लीची आहे, हे आम्हांला कळते. पण दिल्लीच्या दारात धरणे धरायला मुंबईच्या सरकारचे पाय कुणी बांधले आहेत? १ नोव्हेंबर १९५६ ला वऱ्हाड आणि गिरणगाव एका घरात आले. घरातल्या एका खोलीत अंधार असताना दुसरीने दिवाळी करायची नसते. कापूस पिकवणारा यवतमाळचा शेतकरी गळ्याला फास लावतो आणि कापूस विणणारा आपला माणूस कामावाचून बसतो. या दोघांना जोडणारा लोखंडी धागा तुटलेला आहे. तो पुन्हा जोडायचा आहे.

म्हणून आमचे मागणे सरळ आहे :

१. कंपनीच्या मालकीचा आणि करारांचा सोक्षमोक्ष लावा, रूळ आणि जमीन लोकांच्या नावावर करा.
२. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर सगळी लाइन रुंद करा. सर्वेक्षणे पुष्कळ झाली, आता कुदळ मारा.
३. माल चढवा-उतरवायची सोय प्रत्येक बाजारगावी करा.
४. तोवर एक रूळ भंगारात जाता कामा नये, एक गुंठा जमीन विकली जाता कामा नये.

बंधूंनो, गिरण्यांच्या जमिनी गेल्या तेव्हा आपण उशिरा जागे झालो. वऱ्हाडच्या भावाला तरी वेळेवर जागे करू या. हे पान वाचून झाले की खिशात घालून ठेवू नका. चाळीत वाचून दाखवा, गावाकडे पाठवा.

साहेबाचा कापूस नेण्यासाठी जी गाडी धावली, ती आता आपल्या माणसांसाठी धावलीच पाहिजे!